नाशिकच्या घरात कोंबुचा: विरजणापासून बाटलीपर्यंत

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या इंदिरानगरच्या घरी पाच-सहा घरांतल्या कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाच्या, बाटल्या एका टेबलावर येतात. कुणाचा करवंदाचा कोंबुचा, कुणाचा आलं-लिंबाचा, कुणाचा नुसत्या चहाचा. कुणी काय लावलंय आणि ते कसं लागतंय, एवढाच विषय. तीन वर्षं हे चालू आहे आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली: ज्या घरात बरणीशेजारी वही असते, त्या घरचा कोंबुचा महिन्यागणिक सुधारतो. बाकीच्यांचा कधी अप्रतिम होतो, कधी फसतो, आणि दोन्ही वेळा कारण कळत नाही.

वही लागते ती आपल्या हवेमुळे. बहुतेक कृतींमध्ये ‘७ ते १४ दिवस ठेवा’ असं लिहिलेलं असतं. माझ्या स्वयंपाकघरात मे महिन्यात पाचव्या दिवशी तयार होणारी बरणी जानेवारीत अठराव्या दिवशीही कच्ची असते. म्हणून या लेखात दिवसांपेक्षा तापमान, चव आणि सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आंबट) यांवर भर दिला आहे.

आधी एका प्रश्नाचं उत्तर. नाशिकचं नाव निघालं की वाइनचं नाव निघतंच. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि दिंडोरी, निफाड भागात वायनरी उभ्या राहिल्या. साहजिकच आमच्याकडे नवा येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, “द्राक्षं दारात आहेत, मग घरीच वाइन का नको?” कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती वाइन असो की बिअर. आम्ही त्या वाटेला जात नाही. कोंबुचात यीस्ट थोडा अल्कोहोल तयार करतं आणि जिवाणू त्यातला बराचसा खाऊन त्याचं आम्ल करतात, त्यामुळे तो अंशमात्र उरतो. पण ‘अंशमात्र’ हे काळजी घेतली तरच खरं. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं जातं, आणि गोड रस घालून उबेत विसरलेली बाटली ती रेषा सहज ओलांडते. रस कमी, वेळ कमी आणि लगेच फ्रिज, हे तीन नियम पुढे पुन्हा येतील ते त्यासाठीच.

विरजण आधी, चकती नंतर

कोंबुचा सुरू करायला जी जाड, पांढरट, साबणाच्या वडीसारखी बुळबुळीत चकती मिळते, तिला सगळे स्कोबी म्हणतात. लोक तिच्याच मागे असतात. ती खरं तर जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची साय आहे. बरणीचं खरं रक्षण करतं ते तिच्याबरोबर येणारं जुनं आंबट पाणी, म्हणजे आपलं विरजण. नवा गोड चहा पहिल्या दिवसापासून आंबट असला तर बुरशीला सहजासहजी शिरकाव मिळत नाही. चकती नसेल आणि विरजण भरपूर असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी चकती आपोआप धरते. चकती आहे आणि विरजण नाही, तर मी बरणी लावतच नाही.

म्हणून कुणाकडून कल्चर, म्हणजे चकती आणि विरजण, आणायला जाल तेव्हा काचेची अर्धा लिटरची बरणी घेऊन जा आणि किमान २५० मिली पाणी मागून घ्या. तेही साधं, फळ न घातलेल्या बरणीतलं हवं.

भांडं

तीन लिटरची, रुंद तोंडाची काचेची बरणी. यात तडजोड नको. नाशिकच्या भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी कितीही देखणी असली तरी या कामाला चालत नाहीत. बिनकल्हईच्या पितळेत आमटी कळकते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, आणि कोंबुचा आमटीपेक्षा कितीतरी आंबट असतो, शिवाय आठ-पंधरा दिवस एकाच भांड्यात उभा राहतो. ॲल्युमिनियमही नको. चिनी मातीच्या जुन्या लोणच्याच्या बरण्यांच्या चकचकीत लेपात शिसं असू शकतं, त्याही बाजूला ठेवा. गाळणं, चमचा स्टीलचा असला तर काही बिघडत नाही, कारण तो क्षणभरच लागतो.

बाकी सामान थोडं आहे: वजनकाटा, सामू मोजायच्या पट्ट्या, बारीक विणीचा सुती कपडा आणि रबर. कपडा मलमलीचा घेऊ नका. तिच्या जाळीतून चिलटं आत जातात, अंडी घालतात आणि चार दिवसांनी वर अळ्या फिरताना दिसतात. जुन्या सुती उशीच्या अभ्र्याचा तुकडा धुऊन, उकळून, वाळवून घ्या. याच्याइतकं चांगलं काही मला मिळालेलं नाही.

चहा लावणं

दोन लिटरसाठी माझं माप असं: चहा १२ ग्रॅम, साखर १४० ग्रॅम, विरजण २५० मिली. थंडीत विरजण ४०० मिलीपर्यंत वाढवते.

एक लिटर पाणी उकळा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं तसंच खळखळू द्या. गॅस बंद करून चहा घाला आणि झाका. आपली रोजची बारीक दाणेदार पावडर असेल तर सहा-सात मिनिटं पुरतात, त्याहून जास्त ठेवली तर तुरटपणा शेवटपर्यंत जात नाही. पानांचा चहा असेल तर दहा-बारा मिनिटं. गाळून साखर विरघळवा. मग आधी उकळून गार केलेलं दुसरं लिटर पाणी त्यात ओता, म्हणजे तासन्तास वाट पाहावी लागत नाही.

चहा साधा हवा. मसाला, गवती चहा, वेलची किंवा सुगंधी तेल लावलेला चहा पहिल्या टप्प्यात नको, ती तेलं कल्चरला मानवत नाहीत. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह मलाही झाला होता. गुळाचा कोंबुचा होतो, पण काळपट होतो, त्याला वेगळाच उग्र वास येतो आणि कल्चरची चाल बदलते. हात बसल्यावर वेगळी छोटी बरणी लावून बघा. साखर कमी करण्याचा मोहही आवरा. ती तुमच्यासाठी नाही, कल्चरचं ते खाद्य आहे.

चहा बोटाला अजिबात गरम लागेनासा झाला की, म्हणजे ३० अंशांच्या खाली, बरणीत ओता. वर विरजण घाला, स्वच्छ चमच्याने ढवळा, चकती सोडा. चकती बुडो, तरंगो, आडवी राहो, काही फरक पडत नाही. आता सामू बघा. तो ४.५ च्या खाली असलाच पाहिजे, ४.२ किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम. वर असेल तर आणखी विरजण घाला. ही एक पट्टी वाचवून मी एकदा पूर्ण बरणी घालवली आहे.

वहीत पहिली ओळ: तारीख, चहा कोणता, साखर, विरजण, सामू, स्वयंपाकघराचं तापमान.

बरणी ठेवायची कुठे

उन्हात नको आणि गॅसच्या शेगडीला लागूनही नको, एवढं सगळेच सांगतात. नाशिककरांसाठी आणखी एक: कांद्याच्या टोपलीपासून लांब. साठवलेल्या कांद्याच्या सालींखाली जी काळी भुकटी दिसते ती बुरशी असते आणि टोपली हलवली की तिचे बीजाणू हवेत उडतात. आपल्याकडे कांदा किलोवर येत नाही, पोत्यावर येतो. माझी डिसेंबरातली बरणी बुरशीने गेली तेव्हा ती कांद्याच्या पोत्याच्या वरच्याच फळीवर होती, आणि त्यात चहा गार, विरजण जेमतेम, थंडी कडक. सगळ्या चुका मी एकाच बरणीत केल्या होत्या. पिकलेल्या फळांची टोपलीही लांबच ठेवा, तिथे चिलटं असतात.

कल्चरला २४ ते २८ अंश सगळ्यात मानवतं. पावसाळ्यात आपल्या घरात हे आपोआप मिळतं आणि बरणी सात-नऊ दिवसांत होते. म्हणून मी नव्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये सुरुवात करायला सांगते.

एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमान ३२-३४ वर जातं. तिसऱ्या दिवसापासून चव घ्या. या दिवसांत आंबटपणा इतका झपाट्याने चढतो की दोन दिवस गावाला जाऊन आलात तर हातात आंबट ढाण पाणी येतं. जास्त उष्णतेत कधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. तसा आला तर पुढची बरणी जमिनीवर, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, ओल्या फडक्यावर ठेवा.

खरा कस थंडीत लागतो. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो आणि शहरातही पहाटे गारठा असतोच. २० अंशांच्या खाली कल्चर सुस्तावतं, आम्ल हळू तयार होतं आणि त्या मधल्या काळात बुरशीला संधी मिळते. यावर आमच्याकडे जमलेला उपाय साधा आहे: थर्माकोलचा झाकणाचा खोका, त्यात बरणी, शेजारी गरम पाण्याची बाटली, सकाळ-संध्याकाळ ती बदलायची. झाकण किंचित उघडं ठेवा, कल्चरला हवा लागते. एका मैत्रिणीची बरणी बंद ओव्हनमध्ये नुसत्या दिव्याच्या उबेवर होते. गोधडी गुंडाळून मात्र फारसा उपयोग होत नाही, कारण गोधडी असलेली ऊब टिकवते, नवी ऊब देत नाही.

रोज काय दिसतं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर पातळ, पारदर्शक साय धरते. खाली तपकिरी तंतू लोंबायला लागतात. नव्या माणसाला ते बघून धडकी भरते, पण ते यीस्ट आहे. वास आधी चहाचा, मग किंचित पावासारखा, मग सफरचंदाच्या सिरक्यासारखा होत जातो.

बुरशी ओळखायची खूण एकच: ती कोरडी आणि लोकरीसारखी असते आणि पृष्ठभागावरच, गोल ठिपक्यांत येते. पांढरी, हिरवी किंवा काळी. जे ओलं, गुळगुळीत आणि पाण्याखाली आहे ते बुरशी नव्हे. बुरशी दिसली तर चकती धुऊन पुन्हा वापरायची नाही, वरचा थर काढून खालचं प्यायचं नाही, चाखायचंही नाही. चकतीसकट सगळं टाकून द्या, बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. म्हणूनच प्रत्येक बरणीतलं थोडं विरजण दुसरीकडे जपून ठेवायचं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्वच्छ स्ट्रॉ चकतीच्या कडेने आत सोडून घोटभर चव घ्या. गोड आणि आंबट सारखं वाटू लागलं आणि सामू ३ ते ३.३ च्या आसपास आला की मी थांबते. ज्यांना झणझणीत आवडतं ते २.८ पर्यंत जातात. २.५ च्या खाली गेलेलं पिऊ नका. ते उत्तम विरजण आहे, कपाटात ठेवा.

बाटलीत भरणं

सगळ्यात आधी, काहीही हलवण्यापूर्वी, वरच्या थरातलं ३०० मिली पाणी आणि चकती बाजूला काढा. पुढच्या बरणीचं विरजण झालं. हे विसरून सगळं बाटल्यांत भरणारे आमच्यात दोघे होते आणि दोघांनाही पुन्हा दारोदार विरजण मागावं लागलं. वरचं पाणी घेण्याचं कारण म्हणजे तळाशी यीस्ट जास्त बसतं. तळाचंच पाणी पुन्हा पुन्हा विरजण म्हणून वापरलं तर काही महिन्यांनी बरणी फसफसते खूप आणि आंबत नाही. उरलेलं आता हलकेच ढवळा, म्हणजे सगळ्या बाटल्यांत यीस्ट सारखं जाईल.

आता गणित. ते टाळू नका, कारण बाटली फुटण्याचा धोका इथेच आहे. चार ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे जवळजवळ एक लिटर वायू. बाजारातल्या सोड्यात एक लिटर पेयामागे साडेतीन-चार लिटर वायू जिरवलेला असतो. पिकलेल्या द्राक्षांच्या १०० मिली रसात १६ ते १८ ग्रॅम साखर असते. तो रस एक लिटर कोंबुचात घातला तर चार लिटरहून जास्त वायू नुसत्या रसातूनच येऊ शकतो, आणि चहातली न आंबलेली साखर त्यात शिल्लक असतेच. याचा अर्थ उबेतल्या बंद बाटलीतला दाब स्वतःहून थांबत नाही, तो आपण फ्रिजमध्ये ठेवून थांबवायचा असतो. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी एक चौकोनी शोभेची बाटली रात्री ओट्यावर फुटली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. काचा समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या.

तेव्हापासून माझे नियम असे. काचेची बाटली दाब सहन करणारीच, गोल, तारेच्या झाकणाची. चौकोनी नाही, जॅमची नाही, सरबताची नाही. ७५० मिलीला ५० मिली रस, त्यापेक्षा जास्त नाही. वर दोन बोटं जागा मोकळी. सगळ्या बाटल्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात. आणि प्रत्येक खेपेला एक बाटली सोड्याच्या प्लास्टिक बाटलीची. ती दाबून बघायची, दगडासारखी घट्ट झाली की सगळ्याच बाटल्या फ्रिजमध्ये. मे महिन्यात याला एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दीड-दोन, डिसेंबरात चार-पाच. नव्या माणसाने पहिले तीन महिने फक्त प्लास्टिक बाटल्याच वापराव्यात असं माझं ठाम मत आहे.

उघडण्याआधी रात्रभर फ्रिजमध्ये हवीच. गार पेयात वायू जिरलेला राहतो. कोमट बाटली उघडलीत तर अर्धा कोंबुचा छताला लागतो.

कोणतं फळ कधी

फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं. शरद सीडलेसचा रंग बाटलीत माणकासारखा उतरतो आणि सालीचा तुरटपणा चहाच्या तुरटपणाला धरून राहतो. हिरव्या थॉमसनचा रस गोड असतो पण कोंबुचात फिका पडतो, त्याला आल्याचे दोन काप लागतात. द्राक्षं फवारणीची असतात, म्हणून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सालीवर रानटी यीस्टही असतं, त्याने बाटलीचा अंदाज चुकतो. रस काढून, वाफा येईपर्यंत गरम करून, पूर्ण गार करून मगच घाला. थोडा ताजेपणा जातो, पण मला तो व्यवहार मान्य आहे.

मे महिन्यात त्र्यंबक, हरसूलकडून करवंदं येतात. माझ्या मते कोंबुचासाठी नाशिक जिल्ह्यातलं सर्वांत चांगलं फळ हेच. आंबट, चिकाळ, गडद, आणि साखर कमी असल्याने दाबही आवाक्यात राहतो. पिकलेलीच घ्या, ठेचून दोन चमचे गर एका बाटलीला. त्यापाठोपाठ जांभूळ. पावसाळ्यात फळं पाणचट असतात तेव्हा आलं आणि लिंबाची साल. बागलाणकडचं डाळिंब, हिवाळ्यात आवळा. आंबा मी दोनदा घातला आणि सोडून दिला. गर तळाशी बसतो, उघडताना कारंजं होतं.

टेबलावर

बाटल्या बर्फाच्या डब्यातून आणा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीतून गंगापूर रोडवरून इंदिरानगरला येईपर्यंत बाटली तापते, हे धोक्याचं आहे. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी: लावल्याची तारीख, भरल्याची तारीख, चहा, फळ, शेवटचा सामू. चिठ्ठी नसलेली बाटली आम्ही उघडत नाही, मग ती कुणाचीही असो.

आधी साधे, मग फळांचे, आंबटात आंबट शेवटी. एकेकाला साठ मिली पुरे. मध्ये पाणी आणि साधे चुरमुरे. त्या सकाळी मिसळ खाऊन येऊ नका, जीभ तासभर काही सांगत नाही. चव घेताना ‘छान’ हा शब्द आम्ही वर्ज्य केला आहे. तुरट आहे का, कुठे लागतो, नाकात झोंबतो का, शेवट गोड की कडवट, बुडबुडे बारीक की मोठे, हे बोला. पाणचट वाटला तर चहा कमी पडला. वायू नसेल तर झाकणाचं रबर बघा किंवा बाटली गारठ्यात होती का ते विचारा. उकडलेल्या अंड्यासारखा वास असेल तर यीस्टची ओढाताण झाली आहे, बहुधा आठवडाभरात जातो. बनवणाऱ्याने ते सगळं वहीत उतरवावं, उत्तर लगेच देण्याची घाई करू नये.

कुणी पिऊ नये हेही दारातच सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले, आणि अल्कोहोल पूर्ण वर्ज्य असणारे. मधुमेह असेल किंवा नियमित औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. बाकीच्यांनी पहिल्यांदा अर्धा कप घेऊन दोन दिवस थांबावं, पोटाला सवय नसते.

आणि नव्या माणसाला विरजण देताना: चकतीचा तळहाताएवढा तुकडा, ३०० मिली जुनं पाणी, काचेची बरणी, वर कपडा. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. आई तिन्हीसांजेला विरजण देत नसे, म्हणून मीही ते सकाळीच देते. बरणीवर माझ्या वहीतली त्या खेपेची ओळ लिहून चिकटवते, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सामू किती आला ते विचारते.